मागची फेरी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला अण्णांचं नाव घ्यावं लागतं. ‘लागतं’ हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी, आणि गेलो तो अण्णांमुळे, यात शंका नाही. आणि ज्या माणसाने मला आयुष्यात सगळ्यात जास्त वैताग दिला तो माणूसही अण्णाच, यातही शंका नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर जमा असल्या की काय करावं, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

अण्णांचं लोणावळ्याच्या बाजारात नळाच्या सामानाचं दुकान. आता ते मुलगा चालवतो. अण्णा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात आणि गिऱ्हाइकाने चकचकीत नळ हातात घेतला की म्हणतात, “तो नको घेऊ. पावसाळा काढणार नाही.” त्यामुळे अण्णा आमच्या सेवा क्लबच्या कामाला बाहेर पडले की सगळ्यात जास्त आनंद मुलाला होतो.

कोणाच्याही घरी गेले की अण्णा आधी मोरीत जातात. नळ उघडतात, बंद करतात, तोटीखाली तळहात धरून थांबतात. हात कोरडा राहिला तर बाहेर येऊन चहा घेतात. ओला झाला तर चहा निवतो. सदऱ्याच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत वॉशर, पांढरी टेप आणि एक छोटा पाना कायम असतो. माझ्या लग्नातही होता. वडगावच्या कार्यालयात पहिली पंगत उठली आणि हात धुवायला पाणीच नाही. शोधाशोध झाली तेव्हा अण्णा गच्चीवर सापडले. टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता म्हणून त्यांनी पाणी बंद केलं होतं. माझे सासरे बरबटलेला हात पुढे धरून मला म्हणाले, “हे तुमचे कोण?” तेवढ्यात भिजलेल्या बाह्यांनी अण्णाच खाली आले आणि सासऱ्यांना म्हणाले, “मुलगा आमच्या फेरीतला आहे. दरवर्षी बघतो. अजून तरी कुठे गळत नाही.”

सासऱ्यांना काही कळलं नाही. वाचकांनाही कळलं नसेल, म्हणून फेरी म्हणजे काय ते सांगतो.

आमचा सेवा क्लब लोणावळ्यातल्या काही दुकानदारांनी, एका डॉक्टरांनी आणि दोन-तीन शिक्षकांनी मिळून काढला. पहिलं काम म्हणून त्यांनी एसटी स्टँडजवळ पाणपोई बांधली. फेटे बांधून उद्घाटन झालं. पुढच्या वर्षीच्या अहवालात ‘असंख्य प्रवाशांची तहान भागते’ असं वाक्य वाचलं गेलं, तेव्हा मागच्या रांगेतून अण्णा उठले आणि म्हणाले की पाणपोईचा नळ उद्घाटनानंतर महिन्याच्या आत चोरीला गेला आहे आणि सध्या तिथे एक माणूस कलिंगडं ठेवतो. सभेत कोणालाच हे माहीत नव्हतं, कारण नारळ फोडल्यानंतर तिकडे कोणी फिरकलंच नव्हतं. “नारळ फोडायला सगळे येतात,” अण्णा म्हणाले, “करवंट्या उचलायला कोण येतं?”

त्या सभेत अण्णांनी एक रिवाज पाडून घेतला. दिवाळीनंतर एका रविवारी सगळ्या सभासदांनी क्लबच्या आजवरच्या प्रत्येक कामाला जाऊन यायचं. नुसतं जायचं नाही. पाणपोई असेल तर पाणी प्यायचं, बाक असेल तर बसायचं, कपाट असेल तर उघडायचं. आणि जे मोडलं असेल ते दुरुस्त होईपर्यंत नवीन काम हातात घ्यायचं नाही. याला नाव पडलं ‘मागची फेरी’. दुसऱ्या गावांतल्या क्लबांच्या अहवालात पानंच्या पानं उपक्रम असतात. आमचे उपक्रम एका पानात मावतात आणि ते सगळे चालू असतात. एका पानात मावणारा अध्यक्ष व्हायला कोणाला आवडतं? प्रत्येक नवा अध्यक्ष उमेदीने येतो, पहिले काही महिने जुन्या गोष्टींना ग्रीस लावतो आणि उरलेलं वर्ष अण्णांना टाळतो.

या फेरीतूनच मी अण्णांच्या हाती लागलो. क्लबने गरजू बायकांना शिलाई मशिनं दिली होती. त्यातलं एक माझ्या आईला मिळालं. वडील तुंगार्लीच्या बाजूला एका मुंबईकरांच्या बंगल्यावर राखणदार होते, तिथल्याच मागच्या खोलीत आम्ही राहायचो. फेरीला अण्णा आले तेव्हा मशीनवर गोधड्यांचा ढीग होता. पट्टा तुटला होता. आई म्हणाली, “चालतंय की. जरा ठेवलंय बाजूला.” अण्णांनी गोधड्या माझ्या हातात दिल्या, पट्टा बसवला आणि स्वतःच्या सदऱ्याचं बटण काढून म्हणाले, “हे लावून दे.” बटण काही मशीनवर लावत नाहीत, हे आईने त्यांना सांगितलं. मग त्यांनी टोपी उसवून दिली. ती शिवून मिळाल्याशिवाय उठले नाहीत.

त्यानंतर दरवर्षी टोपी उसवली जायची. आई लांबून बघायची आणि म्हणायची, “आला तुझा इन्स्पेक्टर.” मी बारावी झालो त्या वर्षी त्यांनी टोपी शिवून होईपर्यंत वडिलांना विचारलं, “याचं काय?” वडील म्हणाले, “हॉटेलात लावतो. ओळख हाय.” अण्णा म्हणाले, “लाव की. पण पदवी घेऊन लाव, म्हणजे काउंटरच्या आत बसेल.” वडिलांनी ‘बघू’ म्हटलं. अण्णांना ‘बघू’ हा शब्द चालत नाही. ते रोज संध्याकाळी बंगल्याच्या फाटकाशी येऊन उभे राहू लागले. आत येत नसत, काही बोलत नसत. शेवटी बंगल्याच्या मालकांनी मुंबईहून फोन करून वडिलांना विचारलं की फाटकावर रोज कोण म्हातारा उभा असतो. त्या आठवड्यात मला पुण्याला पाठवायचं ठरलं. वसतिगृहाची सोय क्लबने केली.

आणि मी फेरीत आलो. तीन वर्षं, दर दिवाळीनंतर, अण्णा न सांगता वसतिगृहावर यायचे. आधी न्हाणीघरात जाऊन नळ बघायचे, मग रेक्टरना भेटायचे, मग माझ्या खोलीत येऊन एखादं पुस्तक मधूनच उघडून म्हणायचे, “हे समजावून सांग.” त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. ते माझ्या तोंडाकडे बघत. मी अडखळलो की म्हणत, “इथे गळतंय.” खोलीतली मुलं गालात हसायची. मी त्यांना कितीदा सांगितलं की अण्णा, माझे निकाल मी तुम्हाला कळवत जाईन. ते म्हणाले, “कळवतात ते सगळेच. ती पाणपोईसुद्धा अहवालात चालू होती.”

पदवी मिळाली, तळेगावच्या एका कारखान्यात हिशेब विभागात नोकरी मिळाली, लग्न झालं. फेरी चालूच राहिली. मी सभासद झालो आणि गेल्या निवडणुकीत सेक्रेटरी. त्याच वर्षी क्लबचा वर्धापन मोठ्या प्रमाणावर करायचं ठरलं आणि स्मरणिकेसाठी क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण सगळ्यांच्या मते मला मराठी लिहिता येतं. मी वही घेऊन अण्णांकडे गेलो. संस्थापकांपैकी आता तेच एक उरले आहेत.

“पहिले अध्यक्ष कोण होते?” मी विचारलं.

“आठवत नाही. पाणपोईचा नळ कोणी चोरला ते सांगू का?”

“अण्णा, तसलं छापता येत नाही. स्थापना कुठे झाली?”

“डॉक्टरच्या दवाखान्यात. तिथला बेसिनचा पाइप तेव्हाही तुंबलेला होता, आजही आहे.”

“एखादा जुना फोटो?”

“फोटोत काय दिसतं? फोटोत नळातून पाणी आल्यासारखं दिसतं.”

असा तासभर इतिहास झाला. शेवटी त्यांनी वहीवर बोट ठेवून सांगितलं, “जे आज चालू आहे तेवढंच लिही. बंद पडलेल्याला इतिहास म्हणायचं असेल तर दुसरा लेखक बघा.” मी जुने अहवाल घेऊन घरी आलो आणि त्यांच्यावरूनच लिहून काढलं. त्यातलं सगळ्यात अभिमानाचं पान डोंगरातल्या ठाकर आदिवासींच्या वाडीचं होतं. वरच्या झऱ्यापासून पाइप टाकून क्लबने तिथे टाकी आणि नळकोंडाळं बांधलं होतं. त्याआधी वाडीतल्या बायका ओढ्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणायच्या.

आता यंदा काय झालं ते सांगायला हवं. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते डोंगर चढू शकत नव्हते. ते नाहीत म्हटल्यावर बाकीच्यांचेही गुडघे दुखायला लागले. मग कार्यकारिणीने फेरी फोनवर करायचं ठरवलं. सेक्रेटरीने सगळीकडे फोन करायचा, ‘ठीक आहे का’ विचारायचं आणि ग्रुपवर हिरवी खूण टाकायची. दोन वर्षं सगळीकडे हिरव्या खुणा झाल्या. गाडीचं पेट्रोल वाचलं, रविवार वाचला. म्हणून यंदाच्या वार्षिक सभेपुढे ठराव येणार होता की पायी फेरी कायमची बंद करावी. अण्णांना सल्लागार म्हणून शाल द्यायची होती. सगळ्या क्लबात हा ठराव पडावा असं वाटणारा माणूस एकच होता, आणि त्याला डोंगर चढता येत नव्हता.

सभेच्या आधीच्या रविवारी सकाळी अण्णांच्या मुलाचा फोन आला. “अरे, वडील काठी घेऊन बाहेर पडलेत. वाडीवर जातो म्हणाले. तू सेक्रेटरी ना, बघ जरा.”

मी मोटरसायकल काढली. पायथ्याशी अण्णांना सोडलेली रिक्षा परत फिरत होती आणि अण्णा पायवाटेला लागले होते.

“अण्णा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“डॉक्टर फोनवर तपासत नाही. मलाही बोलावून घेतो.”

“मी दिवाळीनंतर फोन केला होता वाडीला. सगळं ठीक आहे म्हणाले.”

“कोण म्हणालं? टाकी म्हणाली?”

त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता आणि त्यांना उचलून खाली आणणंही शक्य नव्हतं. मी मागे चालायला लागलो. ते थोडं चढत, दगडावर बसत, गुडघा चोळत, आणि मी काही बोलायला तोंड उघडलं की उठून परत चालू लागत. त्यांचा पाय दुखत होता हे दिसत होतं. उन्हाने माझं डोकं दुखत होतं. एवढ्या वेळात मी वर जाऊन नळ बघून परत आलो असतो. तसं मी त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, “जा की. कोणी धरलंय?” आणि माझ्या खांद्यावर हात टाकून सगळा भार माझ्यावर दिला.

वाडीत पोचलो तेव्हा पहिल्याच घरातल्या सोनाबाई बाहेर आल्या. दिवाळीनंतर माझ्याशी फोनवर त्याच बोलल्या होत्या. “या आबा, या भाऊ. बसा. केवढं लांब आलासा.” पण अण्णा बसले नाहीत. थेट नळकोंडाळ्याशी गेले. तोटी फिरवली. नळ सुकाच होता. खालच्या दगडावर कोंबडी अंडं घालून बसली होती.

मी सोनाबाईंना म्हटलं, “मावशी, फोनवर तुम्हीच म्हणालात ना, सगळं ठीक आहे?”

“व्हय.”

“पण पाणी कुठे आहे?”

“पानी न्हाई. मागल्याच्या मागल्या पावसात वरून धोंड आली, पायपावर पडली. तवापास्नं न्हाई.”

“मग सांगायचं नाही का?”

सोनाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की हा शिकलेला मुलगा काय विचारतोय. “भाऊ, तुमी पदरचं घालून दिलं. एवढ्या लांबनं फोन करून इचारलं. त्याला न्हाई कसं म्हनायचं? देनाऱ्याला नावं ठेवत्यात व्हय कुनी?”

बाकीच्या बायका मागे उभ्या होत्या, त्यांनीही माना हलवल्या. ओढ्यावरून भरलेले हंडे तिथेच ओळीने ठेवलेले होते. माझ्या इतिहासातलं ते पान मला आठवलं. सोनाबाईंनी गुळाचा चहा आणला. अण्णांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चहा वाईट झालाय. गूळ जास्त आणि पत्ती जळालीय.”

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. ज्या बाईने दोन हंडे डोक्यावर आणून त्यातलं पाणी चहाला वापरलं, तिच्या दारात बसून तिच्या चहाला नावं ठेवायची. सोनाबाईंचा चेहरा पडला. “वाईट झाला?”

“लय वाईट.”

“मग परत करते.”

“कर. आणि मला सांग, मी तुझ्या घरचा चहा पिऊन नावं ठेवली, तर मी वाईट माणूस झालो का?”

सोनाबाई म्हणाल्या, “झाला की थोडं.”

मागच्या बायका हसल्या. अण्णाही हसले. “पण चहा तर नीट होणार ना आता? मग आता तू माझ्या नळाला नावं ठेव.”

सोनाबाई नळाकडे बघत राहिल्या. पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, “नळ बरा न्हाई तुमचा.”

“मोठ्याने.”

“बरा न्हाई म्हनते ना. लयच नाटकी हाय हा म्हातारा.”

दुसरा चहा चांगला झाला होता. अण्णा तो पूर्ण प्याले. खाली उतरताना त्यांना वाडीतल्या दोघांनी आलटून पालटून आधार दिला. मी मागून काठी घेऊन चालत होतो आणि सोमवारी अध्यक्षांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

अध्यक्ष वाईट माणूस नाही. त्यांचं रिसॉर्ट आहे, आणि भुशी धरणावर दर पावसाळ्यात जे होतं ते त्यांनी जवळून पाहिलेलं आहे. धरणाच्या वाटेवर दोर, हवेच्या रिंगा आणि सूचनांचे फलक लावायचे हे त्यांच्या वर्षाचं काम होतं. उद्घाटनाला मोठे पाहुणे ठरले होते. सभेत मी वाडीचं सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून पुढे झुकून म्हणाले, “अण्णा, पावसाळ्याला फार दिवस नाहीत. तिथे माणसं वाहून जातात. तुम्हीच सांगा, जीव वाचवायचे आधी की एका वाडीचा नळ?”

सभेला हे पटलं. मलाही पटलं. अण्णा काठीवर हनुवटी टेकवून बसले होते.

“दोर लावा,” ते म्हणाले. “चांगलं काम आहे. पुढच्या पावसात तो दोर कुजेल. तेव्हा तुम्ही काय करणार? दोराला फोन करणार?”

डॉक्टरांच्या मुलाने, तोही आता डॉक्टर आहे, विषय बदलावा म्हणून विचारलं की पाइप बदलायला किती माणसं लागतील. अध्यक्षांनी त्याच्याकडे रागाने बघितलं. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि आमच्या क्लबात प्रश्न विचारणाऱ्यालाच कामाला लावायची पद्धत आहे. पाइप वाहायला एकेक हात वर झाले. फेरी बंद करायचा ठराव पडला, आणि रिवाजाप्रमाणे आधी वाडी, मग भुशी, असं ठरलं.

नंतरचे रविवार मी विसरणार नाही. पाइप खांद्यावरून वर न्यावे लागले. अध्यक्षांचे पांढरे बूट लाल झाले ते झालेच. पाहुण्यांची तारीख गेली, दुसरी मिळाली नाही. दोर आणि रिंगा पावसाच्या आत लागल्या, पण फोटोत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मला वाडीचं पान पुन्हा लिहावं लागलं, आणि त्यात ‘दोन वर्षे बंद होते’ हे वाक्य घालण्यावरून अध्यक्ष माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. वाक्य राहिलं.

हे सगळं ज्यांच्यासाठी केलं त्या अण्णांनी काय करावं? वाडीच्या नळाला पाणी आल्याचं मी त्यांना स्वतः जाऊन सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी मला टपालाने त्यांचा राजीनामा आला. फेरी त्यांच्या गुडघ्यामुळे फोनवर गेली, ज्याला फेरीला चालता येत नाही त्याने सभासद राहू नये, असं त्यात लिहिलं होतं. दुकान आणि माझं घर एकाच रस्त्यावर आहे. तरी टपालाने. मी चार दिवस तो खिशात घेऊन हिंडलो. मग वाडीवरून एक फोन आला आणि त्या संध्याकाळी मी त्यांना उत्तर लिहिलं. तेही टपालानेच पाठवलं.

ती. अण्णांस,

सा. न. तुमचा राजीनामा मिळाला. तो मी कार्यकारिणीपुढे ठेवलेला नाही आणि ठेवणार नाही. चालता येत नसेल तर सभासद राहू नये, असा नियम क्लबच्या घटनेत कुठेही नाही. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तो नियम तुम्ही मनाने केलेला आहे.

आज दुपारी मी कामावर असताना वाडीवरून फोन आला. आपण केला नव्हता. जिथे रेंज नीट येते त्या टेपाडावर चढून सोनाबाईंनी केला होता. मी सवयीने विचारलं, सगळं ठीक ना? म्हणाल्या, “कशाचं ठीक? तुमचा नळ गळतोय भाऊ. खाली नुसता चिखूल झालाय. कसला नळ बशिवला?” मागून बाकीच्या बायकाही बोलत होत्या. टाकीचं झाकण नीट बसत नाही म्हणे. एकीने अध्यक्षांचं नाव घेऊन विचारलं की तो पांढऱ्या बुटाचा नुसता उभा राहायला आला होता का. मी सगळं ऐकून घेतलं. जुने सगळे अहवाल मी आता चाळले आहेत. आपण न विचारता आपल्याला कोणी नावं ठेवल्याची नोंद त्यात कुठेही नाही. स्मरणिकेचं शेवटचं पान अजून छापायला गेलेलं नाही. हे मी त्यात घालणार आहे, अध्यक्ष काहीही म्हणोत.

रविवारी सकाळी आम्ही वर जात आहोत. तुम्ही यायचं नाही. रिक्षा करून पायथ्याशी येऊन बसायचंही नाही. तुमच्या मुलाला मी तसं सांगून ठेवलं आहे.

वॉशर कोणत्या मापाचा लागेल तेवढं कळवा. बाकी काही कळवू नका.

आपला,
सेक्रेटरी